पांढऱ्याच्या पलीकडचा प्रकाश

माझ्या खोलीत भिंतीवर एक छायाचित्र आहे. २०११ सालच्या मे महिन्यात कोकणात मावशीच्या घरी काढलेले. स्वयंपाकघरात मावशी सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसली आहे. तिच्या मागे परसाकडचे दार उघडे आहे. दाराबाहेर दगडी डोण, डोणीच्या कडेला पालथी घातलेली कळशी आणि माडाच्या झावळ्यांतून खाली उतरलेले दुपारचे रणरणते ऊन. मी तिथे उभा होतो म्हणून हे सांगू शकतो. छायाचित्र पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याला मावशी दिसते, सूप दिसते आणि दाराच्या चौकटीत पांढरा कागद चिकटवल्यासारखा एक चौकोन दिसतो.

यावर उपाय नव्हता असे नाही. संगणकावर तो पांढरा भाग ‘उतरवून’ पाहिला होता. डोण दिसू लागली, कळशीही दिसली. पण मे महिन्यातले ऊन गेले आणि आषाढातली मळभाची दुपार आली. परसातली माती आणि स्वयंपाकघरातली भिंत यांचा उजेड जवळजवळ सारखा झाला. ज्या घरात दुपारी बाहेरून आत आल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधार येत असे, त्या घराचे ते चित्र राहिलेच नाही. शेवटी पांढरा चौकोन पत्करला आणि तसाच छापून घेतला.

गेल्या वर्षी तीच जुनी फाइल पुन्हा उघडली. सॉफ्टवेअर नवे होते, पडदा नवा होता आणि संपादनाच्या रकान्यात ‘एचडीआर’ असे एक बटण होते. ते दाबले. मावशी होती तशीच राहिली. सूप, चुलीजवळची काळवंडलेली भिंत, कोपऱ्यातला अंधार, सगळे जागच्या जागी राहिले. फक्त दारात ऊन पडले. रंगवलेले नव्हे, प्रत्यक्ष डोळ्यांवर येणारे ऊन. आणि त्या उन्हात डोण, कळशी आणि झावळ्यांच्या सावल्या. मावशीला जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. मी बराच वेळ नुसता पाहत बसलो.

हा लेख त्या बटणाविषयी आहे. छायाचित्रणाची हौस असलेल्या मंडळींत त्यावरून सध्या दोन तट पडलेले दिसतात. एका तटाला ही पडदे विकणाऱ्यांची नवी क्लृप्ती वाटते. दुसऱ्याला ते बटण इतके आवडले आहे की त्यांच्या प्रत्येक छायाचित्रातून आता विजेरीचा झोत डोळ्यांत मारल्यासारखा उजेड येतो. माझे मत असे की, बटण जरूर दाबावे. पण आपण नेमके काय करतो आहोत हे समजून दाबावे, आणि जिथे गरज नाही तिथे हात आवरावा. हे मत का झाले ते सांगायचे तर थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

कागदाची मर्यादा

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. जुन्या घराच्या आतल्या खोलीत शंभर लक्सही असेल याची खात्री नाही. म्हणजे दाराच्या एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या हजारपट उजेड. आपला डोळा हे अंतर सहज पेलतो, कारण तो थांबत नाही. आत पाहताना बाहुली मोठी होते, बाहेर पाहताना लहान होते आणि मेंदू दोन्ही दृश्ये बेमालूम जोडून देतो.

कागदाला अशी बाहुली नसते. चकचकीत छायाचित्र-कागदावर सर्वांत पांढरा भाग हा सर्वांत काळ्या भागापेक्षा शंभर-सव्वाशे पट उजळ असतो, फार तर. तुमच्या हातातल्या या वर्तमानपत्राच्या कागदावर तर ते प्रमाण दहा-पंधरा पटींच्या आसपासच घुटमळते. म्हणजे हजारपटींचे दृश्य शंभरपटींच्या डब्यात कोंबायचे, आणि तेही असे की पाहणाऱ्याला कोंबल्याचे कळू नये. छायाचित्रण ही कला गेली पावणेदोनशे वर्षे बऱ्याच अंशी याच कोंबाकोंबीची कला आहे.

फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची छायाचित्रे काढली, तेव्हा त्याला नेमकी हीच अडचण आली. त्या काळच्या काचेवर लाटा नीट उमटवाव्यात तर आकाश पांढरेफटक होई. आकाश धरावे तर समुद्र काळा पडे. त्याने आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी एक अशा दोन निगेटिव्ह काढून एकाच कागदावर छापल्या. लोकांनी ती छायाचित्रे डोक्यावर घेतली. पुढे १९४० च्या सुमारास अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी ‘झोन सिस्टिम’ बसवली. समोरच्या दृश्यातला कोणता उजेड कागदावर कोणत्या करड्या छटेत उतरवायचा, हे कळ दाबण्याआधीच ठरवण्याची ती शिस्त. आपल्याकडे डार्करूममध्ये उभे राहून ज्यांनी हायपोचा वास घेतला आहे त्यांना एन्लार्जरखाली हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हलवून एखादा भाग उजळ ठेवणे, एखादा भाग जास्त भाजणे हे प्रकार ठाऊक आहेत. तीही कोंबाकोंबीच.

या सगळ्यांना एक गोष्ट गृहीत होती. कागदाचा पांढरा हा शेवट. त्याच्यापुढे काही नाही. दिव्याची ज्योत, पाण्यावरची तिरीप, स्टीलच्या भांड्याच्या काठावरचा चमकदार बिंदू आणि सदऱ्याचे पांढरे कापड यांना कागदावर एकच पांढरा वाटून घ्यावा लागत असे. प्रत्यक्षात ज्योत त्या कापडापेक्षा कित्येक पटींनी तेजस्वी असते. पण कागदावर दोघांची पायरी एकच.

एकाच नावाची दोन उलट कामे

‘एचडीआर’ म्हटले की अनेक जाणती माणसे नाक मुरडतात, आणि त्यांचा दोष नाही. हे नाव आपण पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका वेगळ्याच गोष्टीसाठी ऐकले आहे. एकाच दृश्याची कमी-अधिक एक्स्पोजरची तीन किंवा पाच छायाचित्रे घ्यायची आणि संगणकाकडून ती एकत्र करून घ्यायची. या कल्पनेला शास्त्रशुद्ध पाया देणारा एक महत्त्वाचा निबंध पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक या बर्कलीच्या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. २००५ साली फोटोशॉपमध्ये छायाचित्रे अशी एकत्र करण्याची सोय आली आणि ती हौशी लोकांच्या हाती पडली.

पुढे जे झाले ते सर्वांनी पाहिले आहे. किल्ल्यांचे दगड कोळशासारखे कोरडे आणि खरखरीत, ढग जणू कोणी शाईने गिरवलेले, डोंगराच्या कडेने उजळ प्रभावळ, आणि सूर्यास्त व सावली दोन्ही एकाच उजेडात न्हालेले. यात त्या संशोधकांचा काही अपराध नव्हता. हजारो पटींचा प्रकाश गोळा तर झाला; पण दाखवायचा शेवटी साध्या पडद्यावर किंवा कागदावर. मग तो पुन्हा दाबून, चेपून, पिळून त्या डब्यात बसवावा लागे. जितका जास्त प्रकाश गोळा केला, तितका जास्त पिळावा लागला. लोक ज्याला एचडीआर म्हणून ओळखू लागले तो वस्तुतः त्या पिळण्याचा पीळ होता.

आजचे बटण याच्या नेमके उलट काम करते. ते पिळत नाही, डबा मोठा करते. कागदाचा पांढरा हा शेवट न मानता त्याच्या वर आणखी चार पायऱ्या उपलब्ध करून देते. छायाचित्रणाच्या भाषेत एका पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात आणि एक स्टॉप म्हणजे दुप्पट. चार स्टॉप म्हणजे सोळा पट. सदऱ्याचे कापड जिथे होते तिथेच राहते. ज्योतीला मात्र त्याच्यापेक्षा सोळा पटींपर्यंत उजळ होण्याची मुभा मिळते, अर्थात पडदा तेवढा सक्षम असेल तर. दोन परस्परविरुद्ध गोष्टींना एकच नाव मिळाल्यामुळे केवढा घोटाळा होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. जुन्या एचडीआरला विटलेला माणूस नव्याकडे पाठ फिरवतो, आणि खरे म्हणजे त्यालाच हे नवे सर्वांत जास्त आवडायला हवे.

बटण दाबल्यावर काय होते

हे सारे शक्य होते ते ‘रॉ’ फाइलमुळे. कॅमेरा आपल्याला नेहमी जी ‘जेपेग’ फाइल देतो, ती शिजवून ताटात वाढलेली असते. त्यात प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात आणि पांढऱ्याच्या पुढचे सारे कॅमेऱ्याने आधीच टाकून दिलेले असते. रॉ म्हणजे शिधा. सेन्सरने जेवढा प्रकाश मोजला तेवढा जवळजवळ जसाच्या तसा. चौदा ‘बिट’च्या रॉमध्ये या पायऱ्या १६,३८४ होतात.

यात एक गंमत आहे. सेन्सर प्रकाश सरळ मोजतो; दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. त्यामुळे त्या सोळा हजारांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला येतात. कॅमेऱ्याची निम्मी पुंजी उजेडाच्या वरच्या टोकाला साठलेली. आणि छापताना आपण त्याच टोकाला सर्वांत अरुंद जागा देत आलो. उजळ भाग चेपून पांढऱ्याच्या अलीकडे कसाबसा बसवत आलो. मावशीच्या परसातले ऊन २०११ पासून त्या फाइलमध्ये होते. ते दाखवायला जागा नव्हती, इतकेच.

ॲडोबीने ही सोय २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘कॅमेरा रॉ’मध्ये चाचणीच्या स्वरूपात दिली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘लाइटरूम’मध्येही आणली. बटण दाबले की वरच्या कोपऱ्यातल्या आलेखाचे दोन भाग होतात. डावीकडे नेहमीचा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा. उजवीकडे पांढऱ्याच्या वरचा नवा मुलूख, चार घरांचा. त्यातले किती तुमच्या पडद्याला झेपते आणि किती झेपत नाही, हेही तिथेच वेगळ्या रंगाने दाखवले जाते. ही सूचना महत्त्वाची आहे. जे स्वतःला दिसत नाही ते सुधारण्याच्या भरीस पडू नये, हा साधा शहाणपणा तिथे रंगात लिहिलेला आहे.

पहिल्यांदा बटण दाबणारा बहुतेक जण एकच चूक करतो. मीही केली. नवी जागा मिळाली म्हणून सगळे छायाचित्रच वर सरकवले. चेहरा, भिंत, आकाश, सगळे उजळले. दोन क्षण डोळे दिपले आणि तिसऱ्या क्षणी सरावले. सरावलेल्या डोळ्याला सगळे पुन्हा सपाट दिसू लागले, कारण प्रकाश हा शेजारच्या अंधारावरून ओळखला जातो. तार सप्तक हाताशी आहे म्हणून कोणी ख्याल तिथूनच सुरू करत नाही. गवई बराच वेळ मध्य सप्तकात रमतो, म्हणून तार षड्ज लागला की अंगावर काटा येतो. इथेही तसेच आहे. चेहरा, कपडे, भिंती, झाडे यांनी आपल्या जुन्या घरातच राहावे. वरच्या चार घरांत दिवा, सूर्याची तिरीप, पाण्याची चमक, उघडे दार, ढगाची उन्हे लागलेली कड एवढ्यांनीच जावे, आणि तेही जपून. पहिल्या दोन घरांत बहुतेक कामे होतात, असा माझा अनुभव आहे.

म्हणूनच एका छायाचित्रावर केलेली ही जुळणी शंभर फायलींना एकगठ्ठा लावण्याचा मोह टाळावा. धुक्यातली सकाळ, पावसाळी घाट, सावलीतला चेहरा यांत पांढऱ्याच्या वर जाण्याजोगे काही नसतेच. तिथे ते बटण दाबणे म्हणजे आमटीला फोडणी देऊन झाल्यावर ताकालाही, खिरीलाही फोडणी देत सुटणे. आणि जो भाग चित्र काढतानाच सेन्सरच्या क्षमतेपलीकडे जाऊन करपला, तो कोणत्याही बटणाने परत येत नाही. तिथे माहितीच नसते. नुसता उजेडाचा डाग आणखी झगझगीत होतो.

एक छायाचित्र, अनेक रूपे

आता विरोधी पक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप. हे छायाचित्र पाहणार कोण आणि कशावर? छापील छायाचित्र सर्वांना सारखे दिसते. हे मात्र प्रत्येकाच्या पडद्यागणिक बदलणार. चांगल्या मोबाइलवर ऊन दिसेल, कार्यालयातल्या जुन्या मॉनिटरवर दिसणार नाही. इतकेच नव्हे, एकाच मोबाइलवर रात्री अंथरुणात पाहताना दिसेल आणि भर दुपारी बसथांब्यावर दिसणार नाही. कारण बाहेरच्या उन्हाशी झगडताना पडद्याचा सगळा जोर साधा पांढरा दाखवण्यातच खर्ची पडतो, वर चढायला जागा उरत नाही. मग खरे छायाचित्र कोणते?

आक्षेप खरा आहे. त्यात आपल्याकडे एक उलटापालटही झाली आहे. लग्नाची छायाचित्रे काढणारा व्यावसायिक वर्षानुवर्षे वापरलेल्या साध्या मॉनिटरवर काम करतो आणि वधूची आतेबहीण तीच छायाचित्रे त्याच्यापेक्षा कितीतरी सरस पडद्याच्या मोबाइलवर पाहते. कलावंताला न दिसणारा प्रकाश प्रेक्षकाला दिसू शकतो, अशी ही स्थिती. ज्याचा पडदा यासाठी बनलेला नाही त्याने हे बटण दाबू नये, हे मी स्पष्टच म्हणेन. ज्याचा आहे त्याने, विशेषतः विंडोजवर काम करत असेल तर, पडद्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर आधी चालू केले आहे ना, हे पाहावे. नाहीतर दोन तास अंधारात चाचपडण्यात जातात.

पण या आक्षेपाला तंत्रज्ञांनी शोधलेले उत्तरही समजून घेण्यासारखे आहे. एकाच फाइलमध्ये ते दोन गोष्टी ठेवतात. एक साधे, नेहमीचे छायाचित्र, जे कुठल्याही जुन्या यंत्रावर उघडते. आणि त्याच्यासोबत एक लहानसा नकाशा, ज्यात कोणता बिंदू किती पटींनी उजळवायचा हे लिहिलेले असते. याला ‘गेन मॅप’ म्हणतात. पडद्याला जमत असेल तर तो नकाशा वाचतो आणि आपल्या ऐपतीप्रमाणे उजेड चढवतो; नसेल जमत तर नकाशाकडे दुर्लक्ष करून साधे छायाचित्र दाखवतो. २०२३ मध्ये अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीत ‘अल्ट्रा एचडीआर’ या नावाने ही पद्धत आली, पुढच्या वर्षी ॲपलनेही त्याच मार्गाची कास धरली आणि २०२५ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. तेव्हा हे एखाद्या कंपनीचे चार दिवसांचे खूळ आहे, असे आता म्हणता येत नाही.

यात छायाचित्रकारावर एक जबाबदारी येते, आणि बहुतेक जण तीच टाळतात. ते साधे रूप कसे दिसावे हेही त्यानेच ठरवायचे असते. सॉफ्टवेअरमध्ये साध्या पडद्यावरचे रूप पाहण्याची आणि ते वेगळे दुरुस्त करण्याची सोय दिलेली आहे. तिथे दोन मिनिटे न घालवता फाइल बाहेर काढणारा माणूस आपल्या निम्म्याहून अधिक प्रेक्षकांना यंत्राने अंदाजाने बनवलेले चित्र देत असतो. फाइल बाहेर काढतानाही एचडीआरची आणि सर्वत्र उघडण्याची अशा दोन्ही खुणा करायला विसरू नये. नाहीतर केलेले सगळे काम दारातच राहते.

आणि ‘खरे छायाचित्र कोणते’ या प्रश्नाचे काय? तरुणपणी पियानोवादक होऊ पाहणारा ॲडम्स म्हणत असे की निगेटिव्ह म्हणजे संगीताचे लिखित स्वरलेखन आणि छापील प्रत म्हणजे त्याचा प्रयोग. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे १९४१ मधले आपले प्रसिद्ध छायाचित्र तो पुढे कित्येक दशके पुनःपुन्हा छापत राहिला आणि नंतरच्या प्रतींत त्याने आकाश अधिकाधिक काळे केले. यातली खरी प्रत कोणती, असे कोणी विचारत नाही. प्रयोग अनेक असू शकतात. प्रत्येक प्रयोगामागे माणसाचा विचार हवा, एवढीच अट.

जपून ठेवण्याची गोष्ट

या साऱ्यातून मला जी गोष्ट सर्वांत निकडीची वाटते, ती बटणाची नाहीच. ती मूळ फाइलची आहे.

मावशीच्या छायाचित्राची रॉ फाइल मी ठेवली होती, तीही फारसा विचार न करता, म्हणून आज तिथे ऊन पडले. घरातल्या एका लग्नाच्या बाबतीत तसे झाले नाही. सात-आठ वर्षांनी मूळ फायली मागायला गेलो, तेव्हा अल्बम दिल्यावर वर्षभरात त्या पुसून टाकल्याचे कळले. छायाचित्रकार भला माणूस होता. त्याला ओशाळल्यासारखेही झाले. हार्ड डिस्क भरतात, जागेला पैसे पडतात, आणि ‘गिऱ्हाईक पुन्हा मागत नाही’ हा धंद्यातला अनुभव. त्याचे म्हणणे चूक नव्हते. पण होमाच्या ज्वाळेशेजारी बसलेल्या आजीचा चेहरा आता कायमचा जेपेगमधल्या २५६ पायऱ्यांचा झाला आहे. ज्वाळेच्या जागी पांढरा डाग आहे, आणि तो तसाच राहणार.

पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्ह जपून ठेवत. पिवळ्या पाकिटांवर तारीख आणि आडनाव लिहिलेले असे, आणि वीस वर्षांनी गेले तरी कपाटाच्या वरच्या फळीवरून पाकीट खाली येई. निगेटिव्हमध्ये कागदावर उतरते त्याहून अधिक असते, हे त्या पिढीला हाताने काम केल्यामुळे ठाऊक होते. डिजिटलच्या सुबत्तेत आपण ते ज्ञान गमावले. पडद्यावर दिसते तेवढेच छायाचित्र, अशी समजूत झाली. नव्या तंत्राने ही समजूत खोटी ठरवली आहे. आज जी उपकरणे आहेत त्यांना न दिसणारे काहीतरी आजच्याही फायलींत असेल, आणि आणखी पंधरा वर्षांनी ते दाखवणारे बटण निघेल. तेव्हा फाइल असली पाहिजे.

म्हणून घरात लग्न, मुंज, साठी असेल तर ठरवताना छायाचित्रकाराला अल्बमच्या पानांबरोबर एवढेही विचारावे: रॉ फायली देणार का? जास्तीचे पैसे घेतले तरी चालतील. आणि ज्याच्या मोबाइलमध्ये रॉ काढण्याची सोय आहे, त्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसांची निदान चार छायाचित्रे तशी काढून ठेवावीत. फाइल जड होते हे खरे. तेवढे ओझे सोसावे.

ज्योत आणि हात

शेवटी एका चित्राविषयी. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला समोर उभे करून एक जलरंगातले चित्र केले. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. लोक अजूनही ते राजा रविवर्म्याचे समजतात. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला, आणि त्या उजेडाने उजळलेला चेहरा. हे चित्र पाहणाऱ्याला अंधाऱ्या दालनात खरोखर दिवा लागल्याचा भास होतो.

जलरंगात कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ काही नसते. हळदणकरांना वर चार घरे मिळालेली नव्हती. त्यांनी उजेड ज्योतीत न शोधता बोटांच्या लालसर कडांवर, गालावर, साडीच्या काठावर शोधला. कोंबाकोंबीची ती पराकाष्ठा, आणि तिच्यापुढे हात जोडावेत अशी.

नवे बटण हाती आल्यावर ही विद्या फुकट जाईल, अशी भीती काहींना वाटते. मला ती अगदीच निराधार वाटत नाही. ज्योत सोळा पटींनी उजळवता येते म्हटल्यावर बोटांच्या कडांकडे कोण पाहणार? पण मी माझ्या छायाचित्राकडे परत येतो. बटण दाबल्यावर दारातले ऊन पाहून मी आधी हरखलो हे खरे. मग हळूहळू लक्षात आले की, आपण उन्हाकडे पाहतच नाही आहोत. दारातून आलेल्या उजेडाची एक बारीक रेघ मावशीच्या कानावरून, पांढऱ्या केसांवरून, सुपाच्या कडेवर उतरली होती. भिंतीवरच्या प्रतीतही ती रेघ आहे. चौदा वर्षे ती माझ्यासमोर होती. तो उजेड कुठून येतो ते दिसत नव्हते, म्हणून ती कधी नजरेत भरली नव्हती.

भिंतीवरची प्रत मी काढलेली नाही. कागदावर ऊन छापता येत नाही आणि पुढेही येणार नाही. पण आता तिच्याकडे पाहताना पांढऱ्या चौकोनात मला डोण दिसते.